एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी खेळणी आणि पुस्तकं: काय विकत घ्यावं, काय घरी करावं

खोक्यावर छापलेल्या वयाआधी खेळण्याचं माप बघा. तीन वर्षांच्या आतलं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि त्या वयात श्वासनलिका फार अरुंद असते. म्हणून खेळण्यांच्या सुरक्षेच्या चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात जो भाग पूर्ण मावतो, तो या वयाच्या मुलाच्या हातात द्यायचा नाही. हे नळकांडं घरीही होतं. कार्डपेपरची 11 सेंटिमीटर लांब आणि 5.7 सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, टोकं 1 सेंटिमीटर एकमेकांवर चढवून चिकटवा, की आतला व्यास जवळजवळ तेवढाच भरतो. ते टेबलावर उभं ठेवून वस्तू आत टाका. वरच्या कडेच्या खाली गेली तर बाद.

चेंडूला ही परीक्षा पुरत नाही. गोल वस्तू घशात बुचासारखी बसते, त्यामुळे चेंडू साडेचार सेंटिमीटरपेक्षा मोठाच हवा. स्पंजचा असेल तर दाबून मोजा. बाहुलीचे डोळे, गाडीची चाकं, बटणं जोर लावून ओढून बघा. दुकानात निघालं नाही ते घरी मुलाच्या दातांनी निघतं.

1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हासोबत साध्या खेळण्याला आयएस 9873 आणि विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्याला आयएस 15644 असा मानक क्रमांक असतो, शिवाय सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव येतं. खोक्यावरचं नाव आणि ॲपमधलं नाव जुळलं पाहिजे, नुसतं चिन्ह कोणीही छापू शकतं. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांना या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे कर्नाटकातल्या चन्नपटणाच्या लाखेच्या खेळण्यावर चिन्ह नसलं म्हणून ते खोटं ठरत नाही, पण तिथे तपासणीचं काम तुमच्यावर येतं.

काही वस्तू फुकट मिळाल्या तरी घरात घेऊ नयेत. एक, बटणासारखा चपटा सेल असलेलं आणि सेलचं झाकण स्क्रूने न बसवलेलं खेळणं. असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजते. अशा वेळी उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावं. दोन, लहान आणि ताकदवान लोहचुंबक. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याचे पदर मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडतं. तीन, पाण्यात फुगणारे रंगीत मणी. ते पोटातही फुगतातच. फुगे मोठ्यांच्या देखरेखीत ठीक, पण फुटल्याबरोबर तुकडे उचला.

चालायला लागताना

बसून पाय मारत फिरायचा गोल वॉकर घेऊ नका. मूल आपलं वजन तोलायला शिकत नाही, आणि पायऱ्यांवरून किंवा गॅसजवळ जाईपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. कॅनडाने 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणांसाठी. जुना लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा कितीतरी शहाणा आहे, कारण मूल त्यात लटकत नाही, उभं राहून ढकलतं. मात्र तो शेणाने सारवलेल्या जमिनीसाठी होता. गुळगुळीत फरशीवर तो पळतो आणि मूल तोंडावर पडतं. त्यावर उपाय सोपा आहे: सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन सेंटिमीटर रुंद चकत्या कापून चाकांवर ताणून चढवा आणि चाकांच्या आसाजवळ एक-दीड किलो तांदळाची पिशवी बांधा. मूल स्थिर चालायला लागलं की पिशवी काढा.

ठोकळे: एकदाच करा, नीट करा

एकच गोष्ट घ्यायची असेल तर लाकडी ठोकळे घ्या. दीड वर्षाचं मूल ते एकमेकांवर आपटतं, अडीच वर्षांचं रचतं, पाच वर्षांचं त्यांचा शनिवारवाडा करतं. बाजारातले रंगीत अक्षरं छापलेले लहान चौकोनी ठोकळे यासाठी निरुपयोगी आहेत, मापं एकमेकांच्या पटीत नसल्यामुळे त्यांतून काही उभंच राहत नाही. सुताराकडून करून घेतलेले परवडतात.

मूळ ठोकळा 3.5 × 7 × 14 सेंटिमीटर. रुंदी जाडीच्या दुप्पट आणि लांबी रुंदीच्या दुप्पट, सगळी मजा या प्रमाणात आहे. सुरुवातीला 16 पूर्ण, 12 अर्धे (7 सेंटिमीटर लांब) आणि 8 दुप्पट (28 सेंटिमीटर) पुरतात. त्यासाठी 3.5 × 7 सेंटिमीटरची रंधलेली पट्टी सुमारे 20 फूट लागते. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधल्या वखारीत पाऊण घनफूट लाकूड मागा, रंधण्यातली घट त्यात धरली आहे. पाइन स्वस्त आणि हलकं, बीच जड आणि कडा टिकणारं. सागवान चालतं, पण त्याचे पैसे इथे वाया जातात. प्लायवुडच्या कडांना कुसळं निघतात, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) ओलाव्याने फुगतं. पॅकिंगच्या फळ्या वापरायच्या असतील तर शिक्का बघा: एचटी म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, ते चालेल. एमबी म्हणजे वायूची धुरी दिलेलं, ते नको.

सुताराला एक गोष्ट बजावून सांगा. पूर्ण ठोकळा मध्ये कापून अर्धे करायचे नाहीत. करवतीचं पातं तीन मिलिमीटर लाकूड खातं, मग दोन अर्धे मिळून एक पूर्ण होत नाही आणि चौथ्या मजल्यावर इमारत कलते. मशीनवर अडसर लावून आधी सगळे दुप्पट, मग सगळे पूर्ण, मग सगळे अर्धे, असे एका मापाने कापून घ्यायचे.

पॉलिश पेपर 80 नंबरचा, मग 120, मग 220. कडा दोन-तीन मिलिमीटर गोल करा, जास्त नाही, नाहीतर टेकायला जागा कमी पडते. शेवटी ओल्या कापडाने पुसून वाळू द्या. लाकडाचे रोम उभे राहतील, ते 220 ने पुन्हा हलक्या हाताने घासा. रंग देऊ नका. हवंच असेल तर अळशीच्या कच्च्या तेलाचा पातळ हात देऊन पंधरा मिनिटांनी सगळं पुसून काढा आणि दोन-तीन आठवडे हवेवर वाळवा. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ अळशीचं तेल नको, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतात. बाहेर पसरून पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात टाका.

भातुकली आणि स्वयंपाकघर

भातुकलीसाठी तुळशीबाग, यात वाद नाही. मेट्रोने मंडई स्थानकावर उतरलं की दुकानं चालत दोन-चार मिनिटांवर. पण तिथला सुबक पितळी संच चार वर्षांनंतरचा. त्यातल्या पळ्या, झारे, लाटणं नळकांड्यात सहज मावतात आणि पातळ पत्र्याच्या डब्यांच्या कडा कापतात. घेताना प्रत्येक भांड्याच्या काठावरून बोट फिरवा. काठ आत वळवलेला असेल तरच घ्या.

त्याआधीच्या वयाला घरातली खरी भांडी बरी: एकात एक बसणारे स्टीलचे चार डबे, दोन फुलपात्री, एक ओगराळं, एक छोटी परात. ओतण्याच्या खेळासाठी दोन फुलपात्री परातीत ठेवा आणि एकात निम्म्यापर्यंतच पाणी घाला. काठोकाठ भरलं तर मुलाला पहिल्याच वेळी अपयश येतं आणि आपल्याला पुसायला जास्त लागतं. कोरडं हवं असेल तर जाड रवा. वाटाणे, हरभरे, राजमा तीन वर्षांपर्यंत नकोत. ते नाकात जातात, ओलाव्याने फुगतात आणि मग डॉक्टरांनाच काढावे लागतात.

शिजवून मळलेली माती

आकार करून खेळायला दिलेली साधी कणीक एका दिवसात आंबते. शिजवलेला गोळा तीन आठवडे टिकतो. एक वाटी मैदा, अर्धी वाटी बारीक मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस. सगळं थंड असतानाच गुठळ्या मोडून एकजीव करा, मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहा. चार-पाच मिनिटांत कढईच्या कडा सोडून गोळा होतो. बोट लावून चिकटत नसेल तर उतरवा, कोमट झाल्यावर पाच मिनिटं मळा. पिवळ्यासाठी हळद चालते, लिंबामुळे तिचा रंग पिवळाच राहतो. साबणाचा हात लागला की मात्र लाल डाग.

भुसभुशीत झाला तर जास्त शिजलाय, थोडं पाणी लावून मळा. पुण्यात जून ते सप्टेंबर हा गोळा हमखास ओलसर होतो, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं. तेव्हा चमचाभर मैदा मळून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. खारट असल्याने मुलं सहसा दुसऱ्यांदा तोंडात घालत नाहीत, पण इतकं मीठ पोटात जाणं वाईटच, म्हणून जवळ बसा. घरात कुत्रा असेल तर डबा वरच्या फळीवर.

पुस्तकं

आप्पा बळवंत चौकात मराठी बालपुस्तकं भरपूर मिळतात. फक्त जूनमध्ये, शालेय पुस्तकांच्या गर्दीत, निवांत चाळायला जागा नसते. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं मागून बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा पातळीवार लावलेल्या आहेत आणि फुकट उतरवून छापता येतात. निवडताना मधलं कुठलंही पान उघडून मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, वाक्य भाषांतराचं वाटलं, तर ठेवून द्या. ते तुम्हाला शंभर वेळा वाचायचं आहे. दोन वर्षांपर्यंत पानावर एक-दोन वाक्यं पुरेत. चित्रात शोधायला काही असावं: कोपऱ्यातली मांजर, दोरीवरचे कपडे. पानभर उपदेश आणि शेवटी तात्पर्य असलेली पुस्तकं मुलं दुसऱ्यांदा मागत नाहीत, त्यांचं बरोबर असतं.

जाड पुठ्ठ्याची, चावली तरी टिकणारी पुस्तकं मराठीत कमी मिळतात. ती घरी करा. दोन मिलिमीटरचा ग्रे बोर्ड घेऊन 15 × 15 सेंटिमीटरचे सहा चौकोन कापा, कोपरे नाण्याभोवती आखून गोल करा. घरातल्या माणसांचे, ताटलीतल्या भाकरीचे, रिक्षाचे, पर्वतीच्या पायऱ्यांचे फोटो मॅट कागदावर छापा. पांढरा गोंद ब्रशने पातळ लावून पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवा. एकाच बाजूला लावला तर वाळताना पुठ्ठा वाकतो. जड वजनाखाली रात्रभर ठेवा. खळ वापरू नका, झुरळं आणि कसर तिच्यावर टपलेली असतात. मग पुठ्ठे पाच मिलिमीटर अंतरावर ओळीने मांडा आणि सुती कापडाच्या चार सेंटिमीटर रुंद पट्ट्यांनी जोडा. अंतर कमी पडलं तर पुस्तक मिटत नाही.

अक्षरांची घाई नको. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला खरखरीत अक्षरं आवडतात: 120 नंबरच्या पॉलिश पेपरमधून 10 सेंटिमीटर उंच, एक सेंटिमीटर जाड रेषेचं अक्षर कापा आणि गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवा. कागदाच्या मागच्या बाजूवर काढणार असाल तर अक्षर उलटं काढा, ही चूक बहुतेकांची होते. सुरुवात ‘अ आ इ ई’ने नव्हे, शाळा पिढ्यान्‌पिढ्या करतात तशी ‘ग म भ न’ने करा. त्यांचे आकार एकमेकांतून निघतात आणि ‘मन’, ‘नग’ असे शब्द लगेच जुळतात. बोट लिहिण्याच्या दिशेनेच फिरवायचं, शिरोरेषा शेवटी.

मोबाइलवरची ‘शैक्षणिक’ ॲपं या यादीत नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2021 मध्ये दिलेला सल्ला असा: दोन वर्षांखाली पडदा नाही, दोन ते पाच वर्षं दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि तोही जितका कमी तितका चांगला.

मांडणी आणि सफाई

एका वेळी मुलाच्या उंचीच्या फळीवर आठ-दहा वस्तू, बाकीच्या माळ्यावर. दोन आठवड्यांनी अदलाबदल. ठोकळे आणि पुस्तकं मात्र कायम खालीच. झाकणाचं मोठं खोकं टाळा, त्यात तळाचं काही कधी वर येत नाही आणि झाकण बोटांवर पडतं.

लाकडी वस्तू पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या करा, पाण्यात भिजवू नका. लाखेच्या खेळण्यांना सॅनिटायझर लावू नका, त्यातल्या अल्कोहोलमध्ये लाख विरघळते आणि रंग हातावर येतो. कापडी बाहुल्या उशीच्या खोळीत घालून, खोळीचं तोंड बांधून मशीनला लावा आणि कडक उन्हात वाळवा. ऊन नसेल त्या दिवशी धुऊच नका, आतला कापूस कुबट होतो. अंघोळीच्या रबरी बदकाच्या पोटाला भोक असतं आणि आत काळी बुरशी धरते. नवीन, कोरडं असतानाच ते भोक गरम गोंदाने बंद करा. दाबल्यावर आधीच काळं पाणी येत असेल तर ते बदक टाकून द्या.