स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरची नळी घरी कशी सांभाळावी

मिरजेला किंवा कराडला स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होते आणि थोड्याच दिवसांत बाईला घरी सोडतात. सोबत जखमेखालचं पाणी ओढून घेणारी, काखेखालून निघालेली नळी आणि तिला जोडलेली, दाबता येणारी मऊ डबी असते. घरचे सगळ्यात जास्त घाबरतात ते या नळीला. पण ती कधी काढायची, हे डॉक्टर मुख्यतः तुम्ही वहीत रोज लिहिलेल्या द्रवाच्या आकड्यावरून ठरवतात. म्हणून डिस्चार्जआधी वॉर्डातल्या सिस्टरसमोर एकदा स्वतःच्या हाताने डबी रिकामी करून दाखवा. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. आज सून, उद्या लेक असं झालं की नोंदी हमखास चुकतात.

रोज ठरलेल्या वेळी:

१. साबणाने हात धुवा. नळीवरचा चिमटा बंद करा.
२. डबीचं झाकण उघडून द्रव मोजपात्रात ओता. झाकणाच्या आत बोट लावू नका.
३. डबी पूर्ण दाबा, दाबलेली असतानाच झाकण लावा, मग चिमटा उघडा.
४. तारीख, वेळ, मि.ली. आणि रंग लिहा. द्रव संडासात टाकून पुन्हा हात धुवा.

चुकतं ते तिसऱ्या पायरीवर. डबी फुगलेली राहिली की ओढ संपते आणि पाणी जखमेखाली साचतं. मधेच डबी फुगलेली दिसली तर लगेच पुन्हा दाबून बसवा. कापडी पिशवीत घालून ती कमरेशी बांधा. जखमेच्या पातळीवर जाऊ देऊ नका.

रंग आधी लाल, मग गुलाबी, पुढे पिवळसर होत जातो. २४ तासांत साधारण ३० मि.ली.पेक्षा कमी, असं सलग दोन दिवस आलं की बहुधा नळी काढतात. मात्र काल ९० आणि आज एकदम शून्य, ही आनंदाची गोष्ट नाही. बहुधा नळीत गुठळी अडकलेली असते. त्वचेजवळ नळी एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी डबीकडे हळूहळू सरकवत पिळा. मोकळी झाली नाही तर दवाखान्यात फोन करा.

डबी ताज्या लाल रक्ताने भराभर भरू लागली, नळी निसटली, जखम लाल होऊन पू आला किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची एसटी पकडू असं म्हणू नका, त्याच रात्री निघा. जखमेवर हळद लावायची नाही, घरच्या शेतातली असली तरीही. नळी निघेपर्यंत अंग पुसून घ्यायचं.

काखेतल्या गाठी (लसिका ग्रंथी) काढल्या असतील तर त्या हाताला पुढे आयुष्यात कधीही सूज येऊ शकते. त्या हातावर सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो टाळायला सांगा. उसाच्या पाल्याचा साधा ओरखडासुद्धा लगेच धुऊन मलम लावा. चुलीचा चटका लागू देऊ नका. पाण्याचा हंडा, वैरणीचा भारा सध्या बंद. पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, खांदा आखडतो. मूठ उघडझाप पहिल्या दिवसापासून करायची. हात खांद्याच्या वर नेणं आणि भिंतीवर बोटं चढवणं मात्र नळी निघाल्यावर, डॉक्टरांना विचारूनच.

नळी निघाल्यावर काखेत पाण्याची गादी जाणवली तर शेकू नका, दाबू नका. ओपीडीत ते सुईने काढतात. जाताना वही आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल बरोबर घ्या. केमो लागणार का, हे बरंचसं त्या अहवालावर ठरतं. सरकारी आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील तर रेशन कार्ड आणि आधारही त्याच पिशवीत ठेवा.