दुकानासाठी क्यूआर की टॅप करायचा टॅग?

आमचं दादरला छोटं खाण्याचं दुकान आहे, मेनू आणि गुगल रिव्ह्यूची लिंक गिऱ्हाइकाच्या फोनवर उघडावी म्हणून मी दोन्ही प्रकार लावून बघितले. आधीच सांगतो, एकच घ्यायचं असेल तर क्यूआर घ्या.

कारण साधं आहे, कॅमेरा सगळ्यांकडे असतो, एनएफसी (फोन जवळ नेला की टॅगमधली लिंक वाचणारं तंत्र) नसतं. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त अँड्रॉइडमध्ये ते येतच नाही, असलं तरी सेटिंगमध्ये बंद पडलेलं असतं, आयफोनमध्ये अ‍ॅप न उघडता टॅग वाचणं २०१८च्या एक्सएस-एक्सआरपासून सुरू झालं. त्यात टॅगला फोन चार-एक सेंटिमीटरवर आणावा लागतो, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत मागे उभा असलेला माणूस काय टॅप करणार? क्यूआर तो तिथूनच मारतो. अंदाज असा की जितक्या लांबून स्कॅन व्हायला हवा त्याच्या दहाव्या भागाएवढा कोड, मीटरभरावरून असेल तर १० सेंटिमीटर. चारही बाजूंनी पांढरी जागा सोडा, डिझाइनवाला तीच पहिली खातो.

मग टॅग कुठे? जिथे माणूस निवांत बसलाय. टेबलावर, सलूनच्या खुर्चीजवळ, व्हिजिटिंग कार्डात. तिथे मजा येते, फोन टेकवला की पान हजर. पण अँड्रॉइडला पाठ टेकवायची, आयफोनला वरची कड, हे कार्डावर लिहा, नाहीतर लोक फोन आपटत बसतात. मी पहिला टॅग स्टीलच्या काउंटरवर चिकटवला आणि अर्धा दिवस टॅगवाल्याला शिव्या घातल्या, नंतर कळलं की धातूवर साधा टॅग चालतच नाही, मागे फेराइटचा थर असलेला ऑन-मेटल टॅग मागावा लागतो.

लिंक मात्र दोन्हीकडे स्वतःच्याच पानाची द्या, आणि छोटी द्या, लांब लिंकने क्यूआर गच्च होतो. फुकट डायनॅमिक क्यूआर (कोड आधी त्यांच्या साइटवर जातो, मग तुमच्या पानावर) देणाऱ्या साइटचा ट्रायल संपला की छापलेला कोड मेला समजा. टॅगमध्ये लिंक भरली की लॉक करा, नाहीतर कोणीही फोनवरून बदलेल, पण लॉक परत उघडत नाही म्हणून आधी तपासा. क्यूआरवर दुसरा स्टिकर चिकटवणारे महाभागही असतात, पेमेंटवाल्यावर तर रोज शटर उघडल्यावर नजर टाका.

आणि शंभर कार्डं छापायच्या आधी एकच काढा, घरातल्या सगळ्यात जुन्या फोनने, रात्री, दुकानातल्याच लाइटमध्ये स्कॅन करा. आमची पहिली सगळी रद्दीत गेली, चकचकीत लॅमिनेशनवर बरोब्बर कोडावरच ट्यूबलाइट चमकायची.