जुना टेडी उसवण्याआधी

जुना टेडी दुरुस्तीला आणणाऱ्यांची मागणी बहुधा एकच असते: ‘अगदी नव्यासारखा करून द्या.’ मी तसा करून देत नाही. कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच जागी गाल टेकवला म्हणून तिथली लव झिजलेली असते. ती झीज त्या अस्वलाचीच आहे, ती झाकायचा अधिकार मला नाही. फाटत चाललेलं थांबवायचं, निखळणारं धरून ठेवायचं, आणि आपण घातलेला टाका उद्या कुणाला काढावासा वाटला तर मूळ कापडाला धक्का न लागता निघाला पाहिजे. पुढचं सगळं या अटीवर बेतलेलं आहे.

पण जुन्याला हात लावण्याआधी निदान एक अस्वल स्वतः शिवा. आत काय कुठे असतं हे त्याशिवाय बोटांना कळत नाही. पहिल्यासाठी 30 ते 35 सेंटिमीटर उंची सोयीची. त्याहून लहान घेतलं तर हात-पाय उलटवताना जीव मेटाकुटीला येतो. कापड मोहेअरचं मिळालं तर उत्तम. अंगोरा शेळीच्या केसांची ही लव विणलेल्या सुती पाठीवर उभी असते, म्हणून कापड ताणलं जात नाही. मोहेअर परवडत नसेल तर दुसरं घ्या, पण पाठ विणलेलीच हवी. ताणलं जाणारं कापड भरताना फुगतं आणि चेहरा हातातून निसटतो.

कापडावरून हात फिरवा. लव ज्या दिशेला गुळगुळीत बसते त्या दिशेचा बाण उलट बाजूला आखा आणि नमुन्याचे बाण त्याच दिशेला ठेवा. हात, पाय आणि डोक्याच्या बाजू कापताना एक तुकडा सुलटा, एक उलटा आखायचा, नाहीतर दोन डावे हात तयार होतात. कात्री छोटी, टोकदार घ्या. तिचं टोक पाठीच्या कापडाखाली सरकवून फक्त पाठ कापा, लव कापू नका. लव कापली गेली की शिवणीवर टकलाची रेघ कायमची राहते. शिवणीला पाच-सहा मिलिमीटर जागा सोडा, लव आत ढकलत टाचण्या लावा आणि हाताने बारीक उलटी टीप घाला. उलटवल्यावर शिवणीत अडकलेली लव जाड सुईने उचलून बाहेर काढायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याने शिवण दिसेनाशी होते.

चेहरा ठरतो तो डोक्याच्या मधल्या पट्टीवर. नाकाच्या टोकापासून कपाळावरून मानेपर्यंत जाणारी ही पट्टी एका बाजूला जरा जरी सरकली तरी अस्वल तिरकं बघतं. म्हणून नाकाच्या टोकाचा मध्य आधी कच्च्या दोऱ्याने पक्का करा, मग दोन्ही बाजू शिवा.

हात, पाय किंवा डोकं फिरावं म्हणून प्रत्येक सांध्याला दोन चकत्या, दोन वॉशर आणि एक कॉटर पिन, म्हणजे दोन पात्यांची धातूची पिन, लागते. वॉशर आणि चकती ओवलेली पिन हाताच्या किंवा पायाच्या आतून बाहेर काढायची, धडात घालायची, आतून दुसरी चकती आणि वॉशर चढवायचे, आणि पिनेच्या दोन्ही पात्या पक्कडीने दोन बाजूंना शिंगांसारख्या वळवून चकतीवर घट्ट बसवायच्या. सांधा हवा त्याहून घट्ट ठेवा, वापरात तो सैल होतोच.

भरायला सुरुवात नाकापासून, चिमटीचिमटीने. नाक टणक भरलं नाही तर त्यावर घातलेले भरतकामाचे टाके आत बुडतात. डोळे बसवण्याआधी काळ्या डोक्याच्या टाचण्या टोचून जागा बदलत बघा. अर्ध्या सेंटिमीटरने स्वभाव बदलतो. मग काचेचे डोळे लांब सुईने, मजबूत दोऱ्याने आत ओढून मानेच्या मागे गाठ मारा. अस्वल तान्ह्या किंवा लहान मुलासाठी असेल तर काच नको आणि बटणही नको. डोळे दोऱ्यानेच भरा.

आता जुनं हातात घ्या. ओळखताना मी कानातली खूण सगळ्यात शेवटी बघते, कारण तीच सगळ्यात सहज बदलता येते. आधी आकार बघा. सुरुवातीच्या अस्वलांचे हात लांब, नाकाड पुढे आलेलं, पाठीला वशिंड, पावलं मोठी. पुढच्या दशकांत हात आखूड, अंग गुबगुबीत आणि तोंड चपटं होत गेलं. या खेळण्याचा जन्मच 1902 चा. त्या नोव्हेंबरात मिसिसिपीत शिकारीला गेलेले अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर ऊर्फ ‘टेडी’ रूझवेल्ट यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये व्यंगचित्र काढलं, आणि ब्रुकलिनमध्ये मॉरिस मिक्टम यांनी ‘टेडीचं अस्वल’ विकायला ठेवलं. त्याच सुमारास जर्मनीत गिंगेनला रिशार्ड श्टाइफ यांनी हातपाय हलणारं अस्वल बेतलं; ते 1903 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडलं गेलं. म्हणून हातपाय फिरणारा टेडी ‘एकोणिसाव्या शतकातला’ म्हणून कुणी विकत असेल तर हात जोडून परत द्या.

नंतर पोट दाबा. आत कुरकुर झाली आणि टणक लागलं तर लाकडाचा बारीक लांब किस आहे, सर्वांत जुनं भरण. हलकं, मऊ आणि रेशमी लागलं तर शेवरीच्या जातीचा कापूस, म्हणजे कापोक. गोळे हाताला लागले आणि शिवणीतून पिवळट भुकटी सांडली तर फोमचा चुरा. तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा.

डोळे पुढचा पुरावा देतात. काळी, बुटाच्या बटणांची नजर साधारण पहिल्या महायुद्धापर्यंतची, त्यानंतर काच, आणि प्लास्टिक दुसऱ्या महायुद्धानंतर. मुलांच्या हाताने निघणार नाही असा पक्का डोळा ब्रिटनमध्ये वेंडी बॉस्टन यांनी 1948 मध्ये काढला आणि 1954 मध्ये यंत्रात धुता येणारं अस्वलही आणलं. कापडातही काळ दिसतो: आधी मोहेअर, 1930 च्या आसपास कृत्रिम रेशमाची लवही, आणि पुढे नायलॉन व त्याची भावंडं.

पण एका पुराव्यावर कधीच निकाल देऊ नका. फोमने भरलेल्या अंगावर बुटाच्या बटणांचे डोळे असतील तर ते नंतर कुणीतरी लावलेत. अंधाऱ्या खोलीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा: आजच्या कृत्रिम धाग्यांतले बरेच, आणि चमक देणाऱ्या साबणाने धुतलेलं कापड, निळसर उजळतं. जुनं न धुतलेलं मोहेअर तसं उजळत नाही. एका पंजाचा दोराच चमकला तर तेवढा पंजा नंतरचा.

आता कानातली खूण. रिशार्ड यांच्या श्टाइफ कंपनीच्या अस्वलांच्या कानातलं बटण 1904 पासूनचं, सुरुवातीच्या काही बटणांवर हत्ती कोरलेला असे. बटणाखालची चिठ्ठी आधी पांढरी, 1926 च्या सुमारास लाल, 1934 पासून पिवळी. मात्र जुन्या अस्वलांच्या नव्या प्रतींनाही हीच कंपनी पांढरी चिठ्ठी लावते, तेव्हा पांढरा रंग दिसला म्हणून हरखू नका. बटणाभोवतीची लव बघा. खरं जुनं बटण असेल तर त्याच्याखालची लव दबलेली आणि कमी मळलेली असते. सुरुवातीच्या काही श्टाइफ अस्वलांच्या डोक्याच्या मधल्या पट्टीत उभी शिवण सापडते. कापड वाया जाऊ नये म्हणून दर सातव्या अस्वलाची पट्टी दोन तुकडे जोडून करत. ही शिवण सापडली की माझा हात थबकतो.

दुरुस्तीतलं पहिलं काम कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, मारण्याचं, सुई त्यानंतर. अस्वल टिश्यूत गुंडाळा, पिशवीतली हवा दाबून काढा, तोंड बंद करा आणि उणे 18 अंशाच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. दुसऱ्यांदा आठवडाभर ठेवलं की अंडी उरण्याची धास्ती कमी होते. डांबरगोळ्या नकोत, वास वर्षानुवर्षं जात नाही. मग व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून धूळ ओढा. डाग असेल तर सौम्य साबणाचा फक्त फेस, मऊ ब्रशने, आणि लगेच ओलसर फडक्याने टिपून. यंत्रात कधीच नाही. पाणी आत गेलं की लाकडाचा किस सडतो, पुठ्ठ्याच्या चकत्या फुगतात, पिना गंजतात.

सांधा लोंबत असेल तर धडावरची, कारखान्यात शेवटी हाताने बंद केलेली शिवण शोधा. तिचे टाके बाकीच्यांपेक्षा वेगळे, मोठे असतात. तेवढीच उसवा, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत. निघालेलं भरण स्वच्छ असेल तर परत तेच जातं. कमी पडलं तर त्याच जातीचं घालायचं. गंजलेली पिन आणि मऊ पडलेली चकती बदला. जुन्या एका पाकिटात घालून अस्वलासोबत ठेवा. पोटातलं गुरगुरणारं यंत्र मुकं असेल आणि तिथपर्यंत आधीच उघडलेलं नसेल, तर त्याच्यासाठी म्हणून मी अंग फाडत नाही.

दोरा सुतीच वापरा. नायलॉन किंवा पॉलिएस्टर कापडापेक्षा मजबूत ठरतो, आणि ओढ बसली की दोरा टिकतो, कापड चिरतं. पाठ विरली असेल तर आतून मऊ सुती कापडाचं अस्तर सरकवून त्यावर बारीक टाके घ्या. इस्त्रीने चिकटणारा गोंद कुठेही नको.

सगळ्यात जास्त खराब होतो पंजाचा फेल्ट, म्हणजे न विणता दाबून केलेलं लोकरीचं कापड, कारण कसर आधी तो खाते. जुना फेल्ट काढू नका. त्याच्यावर कागद ठेवून कडेने बोट फिरवत आकार घ्या आणि नवा लोकरीचा फेल्ट त्याहून तीन मिलिमीटर मोठा कापा. रंग मूळपेक्षा एक छटा फिका असू द्या. जुनाट दिसावा म्हणून तो चहात बुडवू नका, त्यातलं टॅनिन पुढे धागा कुजवतं. आता फेल्ट जुन्यावर ठेवून कड आत मुडपत लव बोटाने बाजूला करा, आणि मूळ शिवणीच्या लगत, तिच्यात सुई न घालता, लपते टाके घ्या. वर नख्या भरायच्या असतील तर जुन्या टाक्यांची भोकं भिंगातून शोधून दोरा त्याच भोकांतून न्या. चार होत्या तर चारच, पाच नाही.