हँडीकॅमच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेताय? या चुका टाळा

गणपतीच्या आधी माळे आवरायला काढले की ठाण्यातल्या घराघरांतून हँडीकॅमची काळी बॅग खाली येते. आत कॅमेरा, चार्जर आणि रबरबँड लावलेल्या कॅसेट: बारसं, मुंज, गडकरी रंगायतनमधलं शाळेचं गॅदरिंग. त्याच संध्याकाळी मला फोन. "काका, हे पेनड्राइव्हवर टाकायला किती वेळ लागेल? दहा मिनिटं?" तासाभराच्या कॅसेटला तासच लागतो. ती ज्या वेगाने चालते त्याच वेगाने उतरते. एवढा धीर नसेल तर बॅग पुन्हा माळ्यावर ठेवा, निदान काही बिघडणार तरी नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे माळ्यावरून काढलेली कॅसेट तशीच कॅमेऱ्यात सारणं. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने भिंतींना ओल, आणि टेपवर बुरशी धरायला तेवढं पुरतं. आमच्याच सोसायटीतल्या एका गृहस्थांनी ऐन श्रावणात मुलाच्या मुंजीची कॅसेट लावली. चित्रात चौकोनच चौकोन. त्यांना वाटलं कॅसेट खराब, म्हणून कॅमेरा तपासायला लग्नाची लावली. ती चांगली होती, पण तिच्यातही चौकोन. मग तिसरी. पहिल्या कॅसेटची बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसली होती आणि तिथून बाकीच्यांना लागत होती. पुढे कोणीतरी क्लीनिंग कॅसेट आणून दिली, ती यांनी चहा होईपर्यंत चालू ठेवली. क्लीनिंग कॅसेट हेड घासूनच साफ करते. ती साधारण दहा सेकंद चालवायची आणि रिवाइंड न करता काढायची. एवढ्या सेवेनंतर मुंजीची कॅसेट पुन्हा लावली, तेव्हा टेप ड्रमला, म्हणजे हेड असलेल्या फिरत्या नळकांड्याला, चिकटून गुंडाळली गेली. यांनी स्क्रूड्रायव्हरने झाकण उचकटलं आणि टेप ओढली. हातभर टेप चुरगळली, आणि नेमका त्यातच मातृभोजनाचा भाग होता.

माझी सवय सांगतो. कॅसेट हातात आली की आधी मोबाइलचा टॉर्च मारून खिडकीतून आतली रिळं बघायची. टेपच्या कडा एकसारख्या काळ्या, तुकतुकीत दिसल्या पाहिजेत. पांढरी भुकटी, ठिपके किंवा जाळी दिसली तर ती कॅसेट कुठल्याच कॅमेऱ्यात घालायची नाही. वेगळ्या पिशवीत बंद करून टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्यायची. सिलिका जेलच्या पुड्यांनी ओल कमी होते, आलेली बुरशी जात नाही. कॅसेट स्वच्छ असेल तरी लगेच प्ले दाबू नका. एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड, मग पूर्ण रिवाइंड, म्हणजे वर्षानुवर्षं एका जागी बसलेली टेप मोकळी होते. स्क्रीनवर दव आल्याची सूचना दिसली तर कॅसेट काढून झाकण उघडं ठेवा आणि तासभर थांबा. हेअर ड्रायर जिथे आहे तिथेच राहू द्या.

दुसरा माझा रागाचा विषय म्हणजे यूएसबी. मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटच्या, कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक असतं, म्हणून लोक वायर लावतात आणि मग "कॉम्प्युटरला कॅसेट दिसतच नाही" म्हणतात. बहुतेक मॉडेलांत ते भोक मेमरी कार्डावरच्या फोटोंसाठी असतं. कॅसेटवरचा डिजिटल डेटा जसाच्या तसा बाहेर येतो तो डीव्ही किंवा आयलिंक लिहिलेल्या चार पिनांच्या बारक्या सॉकेटमधून, म्हणजे फायरवायरमधून. मग कोणीतरी ऑनलाइन वायर मागवतो, एका टोकाला फायरवायर, दुसऱ्याला यूएसबी. दोन्हीकडे प्लग बसले म्हणजे डेटा गेला असं नसतं. दोघांची पद्धतच वेगळी आहे आणि नुसती तार मध्ये पडून दुभाष्याचं काम करत नाही. डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड बसवा, नाहीतर नातेवाइकांत फायरवायरवाला जुना लॅपटॉप शोधा. मी असाच एक जुना विंडोजवाला डेस्कटॉप फक्त या कामापुरता ठेवलाय, त्यात विनडीव्ही नावाचं चिमुकलं फुकट सॉफ्टवेअर आहे आणि मला दुसरं काही लागत नाही. मॅकवाल्यांनो, मॅकओएस टाहोपासून अॅपलने फायरवायर काढून टाकलंय, तेव्हा जुना मॅक अपडेट करायची घाई करू नका.

हे सगळं नको म्हणून पिवळी-पांढरी-लाल वायर आणि स्वस्तातली कॅप्चर स्टिक वापरणारे आहेतच. व्हिडिओ८, हायएट, व्हीएचएस-सी असेल तर तो रस्ता बरोबर आहे, कारण त्या कॅसेट मुळातच अॅनालॉग. पण मिनीडीव्हीसाठी तो वापरलात तर डिजिटलचं अॅनालॉग आणि अॅनालॉगचं पुन्हा डिजिटल होतं, आणि दोन्ही वेळा काहीतरी गळतं. हायएटवाल्यांनी आधी ओळखीत डिजिटल८ कॅमेरा, म्हणजे तसल्याच कॅसेटवर डिजिटल चित्रण करणारा, आहे का विचारावं. त्यातले बरेच कॅमेरे हायएट कॅसेटही वाचतात आणि फायरवायरमधून बाहेर देतात.

फायरवायरची वायर दोन्ही यंत्रं बंद करूनच लावा. कॉम्प्युटरकडच्या सहा पिनांच्या प्लगमधून वीजही वाहते. तो जोर लावून उलटा घुसवला तर पोर्ट जळतो.

बॅटरीवर कॅप्चर करू नका. अॅडॅप्टर लावा.

कॅसेटवरची पट्टी आधी 'सेव्ह'कडे सरकवा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर बारशावर तुमच्या सोफ्याचं चित्रीकरण होईल.

तासाभराच्या मिनीडीव्हीची फाइल साधारण १३ जीबी होते. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असून "फाइल मोठी आहे" असं का म्हणतो, हा प्रश्न मला हमखास येतो. तो फॅट३२ या फाइल साठवायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असतो, आणि फॅट३२ ला ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल चालत नाही. तो रिकामा करून एक्सफॅट पद्धतीत फॉरमॅट करा. १३ जीबी बघून घाबरून लगेच एमपी४ करून मूळ फाइल उडवणाऱ्यांना मी पुढच्या वेळी उभं करत नाही. हार्ड डिस्क घ्या, मूळ ठेवा, व्हॉट्सअॅपसाठी वेगळी छोटी कॉपी काढा. ती काढताना हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस चालू करा, नाहीतर नाचणाऱ्या वऱ्हाडाच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतील.

अमेरिकेतल्या दिराने पाठवलेल्या कॅसेट एनटीएससी या तिकडच्या व्हिडिओ पद्धतीच्या असतात. आपला कॅमेरा पाल, म्हणजे इकडच्या पद्धतीचा. तो त्या नीट दाखवत नसेल तर कॅसेटला दोष देऊ नका, एनटीएससी कॅमेरा मिळवा.

आणि सगळ्या फाइल शेवटपर्यंत बघून होईपर्यंत कॅमेरा विकू नका. विशेषतः कॅसेट वाचवायला कोणी तासाच्या कॅसेटवर एलपी मोडने, म्हणजे टेप हळू चालवून, ९० मिनिटं भरली असतील तर. एलपीवर घेतलेलं पुष्कळदा ज्या कॅमेऱ्यात घेतलं त्याच कॅमेऱ्यात धड चालतं, दुसऱ्यात आवाज तुटतो, चित्र अडकतं.