फाउंड्रीतील टाकाऊ वाळू कशी कमी करावी

कोल्हापुरात शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत फिरताना फाउंड्रीच्या, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या, आवारात काळ्या वाळूचे ढीग दिसतात. ही वाळू फेकण्याआधी ती नेमकी कुठून येते, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी महिनाभर बाजारातून आलेली नवी वाळू आणि बाहेर गेलेली टाकाऊ वाळू यांचे वजन करावे, आणि दोन्ही आकडे त्या महिन्यात मिळालेल्या चांगल्या कास्टिंगच्या (ओतून तयार झालेल्या भागांच्या) वजनाशी ताडून पाहावेत. ही नोंद नसताना महागडे पुनर्प्रक्रिया यंत्र घेणे मला घाईचे वाटते.

खरे काम नॉकआउटच्या जागी, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात तिथे, आहे. साच्याची ग्रीन सँड म्हणजे वाळू, बेंटोनाइट ही पकड देणारी माती, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण, आणि ते पुन्हापुन्हा वापरता येते. मात्र त्यात रेझिन या चिकट रसायनाने बांधलेल्या कोअरची (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्याची) ढेकळे फुटून मिसळली, की साच्यातील वायू वाढतो. फ्युरान या रेझिनच्या कोअरमधील उरलेले आम्ल तर बेंटोनाइटची पकडच कमी करते, आणि मग मिश्रण सुधारण्यासाठी जुनी वाळू काढून नवी घालावी लागते. म्हणून कोअरची ढेकळे चाळणीवर थांबवून वेगळ्या पेटीत टाकावीत, लोखंडाचे कण चुंबकाने काढावेत, आणि सक्रिय मातीचे, म्हणजे अजून पकड देणाऱ्या बेंटोनाइटचे, प्रमाण मिथिलीन ब्लू चाचणीने रोज तपासावे. नवी वाळू सवयीने घालू नये, चाचणीचा आकडा सांगेल तेवढीच घालावी.

वेगळी ठेवलेली रेझिनची वाळू यंत्राने घासून किंवा भट्टीत तापवून पुन्हा वापरता येते. भट्टीत रेझिन पूर्ण जळते, पण इंधन लागते. त्यामुळे रोज पुरेशी वाळू जमत नसेल, तर शेजारच्या कारखान्यांनी मिळून एक यंत्र चालवणे परवडते. वाळू घासताना उडणारी बारीक सिलिका फुप्फुसांना कायमची इजा करते, म्हणून धूळ ओढणारी यंत्रणा बसवल्याशिवाय हे काम कामगारांकडून कधीही करून घेऊ नये.

साच्याची पेटी कास्टिंगच्या मानाने मोठी असेल, तर वाळू विनाकारण लागते. नाकारलेले कास्टिंग पुन्हा वितळवता येते, पण त्यासोबत खर्च झालेली वीज आणि रेझिन परत मिळत नाही.

उरलेली वाळू विटा किंवा पेव्हर ब्लॉक करणाऱ्यांना देण्यापूर्वी तिच्यातून पाण्यात काय उतरते, याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटी पाहाव्यात. तोवर ती छपराखाली, पक्क्या फरशीवर ठेवावी. कोल्हापूरचा पाऊस उघडा ढीग ओढ्यात नेल्याशिवाय राहत नाही.