स्टॅक लावायला निघताय? लांब केबल घेतली का?

सिस्कोचे कॅटॅलिस्ट ९३०० चे चार नेटवर्क स्विच एका रॅकमध्ये स्टॅक करायचे, म्हणजे केबलने जोडून एकाच स्विचसारखे चालवायचे, तर पिशवीत सगळ्यात आधी लांब स्टॅक केबल टाका. स्क्रू, पॉवर कॉर्ड, लॅपटॉप कुणी विसरत नाही. लॅपटॉपवरून स्विचची सेटिंग करायची कन्सोल केबल तेवढी चालते का ते बघून घ्या.

चार स्विचना चार स्टॅक केबल लागतात, तीन नव्हे. वरून खाली जोडायला ५० सेंमीच्या तीन पुरतात. चौथी तळाच्या स्विचवरून थेट वरच्यावर परत जाते आणि रिंग पूर्ण करते. मध्ये पॅच पॅनल आणि केबल मॅनेजर आले की तिथे ५० सेंमी पोचत नाही, १ मीटरची किंवा ३ मीटरचीच हवी. ऑर्डर देतानाच लांबी लिहून द्या. साध्या नेटवर्क केबल, म्हणजे पॅच कॉर्ड, इंदूरच्या जेल रोडवर हवे तेवढे मिळतात, पण या केबलसाठी तिथल्या दुकानांच्या भरवशावर राहू नका. स्टॅकपॉवरची केबल वेगळी, ती वीज वाटते, डेटा नाही.

एवढा आग्रह का? कारण चौथी केबल नसली तरी सगळं चालतं. ‘शो स्विच’ या कमांडमध्ये चारही ‘रेडी’ दिसतात, कुणाची तक्रार येत नाही. मग कधीतरी मधला एखादा स्विच बंद पडतो आणि स्टॅकचे दोन तुकडे पडतात. दोन्हीकडे तेच कॉन्फिगरेशन, तोच आयपी. पिंग, म्हणजे स्विच उत्तर देतो का ही चाचणी, कधी लागतो, कधी नाही, आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि लायसन्सची पातळी चारही स्विचवर एकच असू द्या, आणि हे काम रॅकमध्ये चढवण्याआधी टेबलावरच उरका. वेगळी आवृत्ती आपोआप जुळवून घेणारं ऑटो-अपग्रेड, स्विच इन्स्टॉल मोडमध्ये (सॉफ्टवेअर बसवायच्या दोन पद्धतींपैकी एक) असेल तरच चालतं. ९३०० च्या स्टॅकमध्ये ९३००एल हे मॉडेल मिसळत नाही.

क्रमांकही टेबलावरच द्या. प्रत्येक नवा स्विच स्वतःला १ समजतो. क्रमांक टकरले की स्टॅक आपल्या मनाने बदलतो आणि पोर्टची नावं लेबलांशी जुळत नाहीत. रीनंबर रीलोडनंतरच लागू होतं. स्टॅक चालवणारा मुख्य स्विच, म्हणजे ॲक्टिव्ह, प्रायॉरिटीवरून ठरतो; ती १ ते १५, मुळात १. वरच्याला १५, दुसऱ्याला १४ द्या. सगळे १ वर सोडले तर ॲक्टिव्ह कोण होईल ते मॅक ॲड्रेस (स्विचचा कारखान्यातला पत्ता) ठरवेल. चालू ॲक्टिव्ह मात्र प्रायॉरिटी बदलल्याने लगेच हटत नाही.

पुढे कधी स्विच वाढवायचा झाला तर तो बंद ठेवूनच जोडा. चालू जोडलात तर दोन स्टॅक एकत्र येतात आणि हरलेल्या बाजूचे सगळे स्विच रीलोड होतात. दुपारी ऑफिस भरलेलं असताना हे नको.

केबलचे स्क्रू बोटांनी घट्ट करा. ‘शो स्विच स्टॅक-रिंग स्पीड’ मध्ये ‘फुल’ दिसलंच पाहिजे. ‘हाफ’ दिसलं तर लांब केबल राहिली किंवा नीट बसली नाही; तसंच सोडून निघू नका. एक केबल काढून पिंग टिकतो का बघा, परत लावा, पुन्हा ‘फुल’ बघा.

मग अपलिंक, म्हणजे पुढच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडण्या, पहिल्या आणि चौथ्या स्विचवरून एकाच पोर्ट-चॅनेलमध्ये (अनेक जोडण्यांची मिळून एक), कॉन्फिगरेशन सेव्ह, बॅकअप बाहेर, रॅकच्या दारावर क्रमांकांचा कागद.