माझ्या संगणकावर तर दिसते आहे! पहिले संकेतस्थळ उभारताना या चुका टाळा

आमच्या भागातील एका सार्वजनिक वाचनालयासाठी मी माझे पहिले संकेतस्थळ तयार केले, तेव्हा माझ्या संगणकावर ते अगदी नेटके दिसत होते. वर वाचनालयाचे बोधचिन्ह, त्याखाली इमारतीचे छायाचित्र, मग वेळापत्रक आणि नव्या पुस्तकांची यादी होती. कार्यकारिणीच्या बैठकीत सचिवांनी तेच पान आपल्या मोबाइलवर उघडले, तर बोधचिन्हाच्या जागी फुटक्या चित्राची खूण होती, इमारत गायब होती आणि वेळापत्रक वाचायला भिंग लागले असते. "माझ्या संगणकावर तर दिसते आहे," एवढेच मला म्हणता आले. पुढे इतर नवशिक्यांना मदत करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले की बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे, असे माझे मत झाले. आपल्या संगणकावर आपण पाहतो ती नुसती एक फाइल असते. तीच फाइल परक्या सर्व्हरवरून, परक्या नेटवर्कमधून, परक्याच्या फोनवर जाऊन नीट उघडली, तर तिला संकेतस्थळ म्हणायचे.

साधनाच्या निवडीबद्दल थोडक्यात सांगतो. चार-पाच पानांच्या आणि क्वचित बदलणाऱ्या मजकुरासाठी पानाची रचना लिहिणारे एचटीएमएल आणि रंगरूप ठरवणारे सीएसएस पुरेसे आहे. दर आठवड्याला तीन-चार जण मजकूर घालणार असतील, तर वर्डप्रेस ही मजकूर हाताळण्याची तयार प्रणाली सोयीची पडते. यांपैकी काहीही हाताळण्याआधी रिअ‍ॅक्टसारखी मोठी प्रोग्रामिंगची चौकट शिकायला घेणे म्हणजे सायकल येण्याआधी ट्रक चालवायला बसणे होय.

फाइलीचे नाव आणि तिचा पत्ता

इमारत गायब होण्याचे कारण क्षुल्लक होते. कॅमेऱ्याने फाइलीच्या नावाअखेरचे 'जेपीजी' मोठ्या रोमी अक्षरांत लिहिले होते आणि मी एचटीएमएलमध्ये ते लहान अक्षरांत लिहिले होते. विंडोज असा भेद सहसा मानत नाही; पण बहुतेक होस्टिंग सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळाच्या फाइली ठेवून वाचकांना पाठवणारे संगणक, लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालतात आणि लिनक्स तो काटेकोरपणे पाळतो, त्यामुळे घरी सापडणारी फाइल तिथे सापडत नाही. बोधचिन्हाचा घोळ वेगळा होता. त्याचा पत्ता मी सी ड्राइव्हपासून सुरू होणारा लिहिला होता. तो पत्ता जगातील एकाच यंत्रावर खरा होता, आणि ते यंत्र माझ्या टेबलावर होते.

म्हणून फाइलींची नावे रोमी लिपीत, लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता आणि शब्दांमध्ये हायफन घालून लिहावीत, आणि चित्राचा पत्ता पानाच्या स्वतःच्या फोल्डरपासून मोजून द्यावा. मुखपृष्ठाच्या फाइलीचे नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असेच ठेवावे, कारण केवळ डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) टंकल्यावर सर्व्हर सहसा याच नावाची फाइल शोधतो. ती नसेल तर ४०३ ही प्रवेश नाकारल्याची त्रुटी येते किंवा फोल्डरमधील सगळ्या फाइलींची यादी जगासमोर उघडी पडते. विंडोज फाइलनावाचा शेवटचा भाग मुळात लपवून ठेवते. त्यामुळे नोटपॅडमध्ये जतन केलेली फाइल प्रत्यक्षात 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' झालेली असू शकते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. फोल्डरच्या 'व्ह्यू' मेनूतून हा भाग दाखवण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावी.

देवनागरी बिघडते तेव्हा

नवशिक्यांसाठीची बहुतेक मार्गदर्शने इंग्रजी मजकूर गृहीत धरून लिहिलेली असतात, त्यामुळे मराठी पानाचे सर्वांत त्रासदायक प्रश्न त्यांत येतच नाहीत. मजकूर कसा बिघडला आहे, ते नीट पाहिले तर कारण बहुधा लगेच कळते.

प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हे दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे, मात्र ब्राउझर तो चुकीच्या पद्धतीने वाचतो आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतील 'म' किंवा एखादी वेलांटी साठवायला तीन बाइट लागतात आणि ब्राउझर त्या तिन्ही बाइटांना स्वतंत्र अक्षरे समजतो. 'मेटा कॅरसेट' हा टॅग (एचटीएमएलमधील ब्राउझरसाठीची खूण) लिहून त्यात यूटीएफ-८ असे सांगितले की हे थांबते. मात्र तो टॅग फाइलीच्या पहिल्या १०२४ बाइटांत असावा लागतो, म्हणून 'हेड' हा पानाच्या सुरुवातीचा, ब्राउझरसाठीच्या माहितीचा भाग उघडताच तो लिहिण्याची सवय ठेवावी. घरी नीट आणि सर्व्हरवर चढवल्यावर बिघडलेले असे होत असेल, तर सर्व्हर स्वतःच पानासोबत दुसरी पद्धत जाहीर करत असतो. त्याचे म्हणणे टॅगपेक्षा वरचढ ठरते, तेव्हा होस्टिंगच्या मांडणीत ते बदलावे लागते.

अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उरली असतील, तर मजकूर जतन करतानाच नष्ट झाला आहे आणि कोणताही टॅग तो परत आणू शकत नाही. जुन्या नोटपॅडमध्ये फाइल आपोआप 'एएनएसआय' या देवनागरी न सामावणाऱ्या पद्धतीने जतन होत असे. २०१९ पासूनच्या विंडोज आवृत्त्यांत ती यूटीएफ-८ मध्ये होते. चौकोनी डबे दिसत असतील, तर त्या यंत्रावर देवनागरीचा फॉन्ट नाही, एवढाच त्याचा अर्थ.

चौथा प्रकार वाचनालयासारख्या जुन्या संस्थांना हमखास भेटतो. वार्षिक अहवालाची फाइल छापखान्याकडून येते, तिथे सुबक मराठी दिसते, पण पानावर चिकटवताच रोमी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी उमटते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत रोमी अक्षरांच्या जागेवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असतात, म्हणजे आत साठवलेला मजकूर मराठी नसतोच. तो फॉन्ट वाचकाच्या यंत्रावर बसवण्याचा विचार सोडून द्यावा, मजकूर परिवर्तक प्रोग्रामने युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतांत) आणावा आणि मग मुद्रितशोधन करावे; रफार, पहिली वेलांटी आणि 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतला 'ऱ्य', 'ऱ्ह' इथे चुका हमखास राहतात.

दिसण्याच्या चुका वेगळ्याच. इंग्रजीसाठी घडवलेल्या तयार साच्यांत शीर्षकाची अक्षरे मुद्दाम विरळ केलेली असतात, आणि मराठी मजकूर त्यात घातला की शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. सीएसएसमधील 'लेटर स्पेसिंग' शून्यावर आणले की शब्द पुन्हा सांधला जातो. देवनागरीत मात्रा वर जातात आणि उकार खाली येतात, त्यामुळे ओळींची उंची अक्षराच्या १.६ ते १.८ पट ठेवल्यास मजकूर मोकळा वाटतो. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट विनामूल्य आहेत. ते संकेतस्थळाबरोबर जोडावेत, कारण केवळ आपल्या संगणकावर बसवलेला फॉन्ट वाचकाला दिसत नाही. एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये भाषेचा संकेत 'एमआर' असा द्यायला विसरू नये. तयार साच्यात तिथे इंग्रजीचा संकेत असतो, आणि मग दृष्टिहीन वाचकांना पान वाचून दाखवणारी प्रणाली मराठी वाक्ये इंग्रजी आवाजाकडे सोपवू शकते.

मोबाइल आणि चित्रांचे वजन

वेळापत्रक वाचायला भिंग लागण्याचे कारण पानाची रुंदी पडद्याइतकी धरायला सांगणारा 'व्ह्यूपोर्ट'चा मेटा टॅग नसणे हे होते. तो नसेल तर मोबाइलमधील ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरतो आणि ते आक्रसून पडद्यावर बसवतो. टॅगची एक ओळ घातली की काम होते.

चित्रांबाबत गैरसमज जास्त खोल असतो. फोनने काढलेले छायाचित्र ४००० पिक्सेल रुंद आणि ४ एमबी वजनाचे सहज असते. सीएसएसने त्याची रुंदी ४०० पिक्सेल केली, तर ते दिसायला लहान होते, पण वाचकाला सगळे ४ एमबी उतरवून घ्यावेच लागतात. अशी दहा छायाचित्रे म्हणजे ४० एमबी. चित्र चढवण्याआधीच त्याची रुंदी सुमारे १२०० पिक्सेलवर आणावी, म्हणजे बहुतेक वेळा दोन-तीनशे केबीत काम भागते.

डोमेन कोणाच्या नावावर आहे?

डोमेन म्हणजे पत्ता आणि होस्टिंग म्हणजे जागा. दोन्ही एकाच दुकानातून घेतले तरी वस्तू वेगळ्याच राहतात. वाचनालयाचे पहिले डोमेन एका ओळखीच्या माणसाने हौसेने स्वतःच्या ईमेलवर घेतले होते. तो दुसऱ्या शहरात गेला, नूतनीकरणाची पत्रे त्या न पाहिल्या जाणाऱ्या ईमेलवर येत राहिली आणि एके दिवशी पत्ता बंद पडला. डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर असावे आणि पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर विचारून घ्यावा.

डोमेन होस्टिंगला जोडल्यावर पान लगेच उघडले नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी मांडणी बदलणे ही आणखी एक चूक आहे. नेमसर्व्हरमधील (डोमेन कोणत्या होस्टिंगकडे न्यायचे ते सांगणाऱ्या सर्व्हरमधील) बदल सगळीकडे पोहोचायला काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि मधल्या काळातील प्रत्येक ढवळाढवळ घोळ वाढवते. सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र विकत घेण्याची घाईही करू नये. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ते विनामूल्य देते आणि पुष्कळ होस्टिंग सेवांत ते एका बटणाने चालू होते. ते नसेल, तर क्रोम जुलै २०१८ पासून पत्त्याशेजारी पान सुरक्षित नसल्याचा इशारा दाखवतो.

बदल केला, तरी दिसत नाही

सर्वांत आधी फाइल जतन केली का आणि जतन केली तीच चढवली का, हे पाहावे. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणे इथेच मिटतात. ब्राउझर जुनी प्रत साठवून ठेवतो, म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबून पान नव्याने मागवावे. तरीही फरक दिसला नाही, तर एफ-१२ दाबून 'नेटवर्क' हा भाग उघडावा: तिथे ४०४ असलेली प्रत्येक ओळ म्हणजे सर्व्हरला न सापडलेली एकेक फाइल. सीएसएसमध्ये एका ओळीअखेरचा अर्धविराम सुटला की ती ओळ आणि तिच्या पुढची ओळ अशा दोन्ही निकामी होतात, त्यामुळे चूक दिसते त्याच्या एक ओळ वर शोधावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून नकललेल्या कोडमधील वळणदार अवतरणचिन्हेही असाच गोंधळ घालतात. ती पुसून साधी सरळ चिन्हे टंकावीत. डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या विनामूल्य तपासणीत पान घातल्यास न मिटलेले टॅग ओळक्रमांकासह कळतात.

संपर्काच्या अर्जातली चूक मात्र या कोणत्याही तपासणीत पकडली जात नाही. एचटीएमएलने रकाने आणि 'पाठवा' हे बटण उमटते, पण आलेला मजकूर घेऊन पुढे पाठवणारे काही सर्व्हरवर नसेल, तर वाचकाचे पत्र कुठेच पोहोचत नाही आणि त्याला ते कळतही नाही. अर्ज जोडल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून एक पत्र पाठवून ते प्रत्यक्ष आल्याची खात्री करावी. तोवर पानावर वाचनालयाची वेळ आणि दूरध्वनी क्रमांक ठळक लिहिलेला बरा.